डोळ्यातला उपरा

मागच्या रविवारी घिवलीहून मामाच्या मुलीचा फोन आला. ती बोईसरला एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. डोळ्यांचा नंबर उणे तेरा आणि उणे साडेचौदा. म्हणजे चष्मा काढला की समोर उभा असलेला माणूस बाबा आहे की काका हे आवाजावरूनच ठरवायचं.

"दादा, मी पण करून घेतेय तुझ्यासारखं. ते भिंग बसवायचं. काही त्रास नाही ना होत?"

"छे गं, दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मग तासभर स्वतःवर चिडून बसलो. कारण काम दहा मिनिटांचं होतं हे खरं, पण त्रास झाला नव्हता हे खोटं. तीन महिने झाला होता. आणि हे मी घरात कुणालाच नीट सांगितलेलं नाही. ऑपरेशननंतर बिनचष्म्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला, शंभर अंगठे मिळवले, आणि नंतर जे झालं ते मात्र 'जरा डोळे आले होते' एवढ्यावर उडवून लावलं.

तेव्हा या शनिवार-रविवारचा लेख तिच्यासाठी. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही. :)

* * *

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यात भले भले गोंधळतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग काढतात आणि त्या जागी कृत्रिम बसवतात. आमच्यासारख्या मोठ्या मायनस नंबरवाल्यांचं वेगळं असतं. आमचं मूळ भिंग ठणठणीत असतं, ते तसंच ठेवतात. त्याच्या पुढे, बुब्बुळाच्या रंगीत पडद्यामागे, एक पातळ लवचिक भिंग सरकवतात. चष्म्याची काच नाकावरून उचलून डोळ्याच्या आत नेऊन ठेवली, असं समजा. लेसरनं (म्हणजे लॅसिकनं) हे का नाही करत? तर लेसर पारपटल तासून नंबर घालवतो, आणि उणे तेरा घालवण्याइतकं तासलं तर तासायला शिल्लक काही राहत नाही.

म्हणजे मोतीबिंदूवाल्याच्या डोळ्यात एक जाऊन एक येतं. आमच्या डोळ्यात काहीच न जाता एक जास्तीचं येतं. भरलेल्या लोकल डब्यात आणखी एक माणूस चढल्यासारखं. डब्यातल्या लोकांनी त्याला सामावून घ्यायचं की धक्के मारायचे, हाच गेल्या सत्तर वर्षांचा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न सुरू झाला तो एका लढाऊ विमानाच्या काचेपासून.

* * *

ऑगस्ट १९४०. इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी लढाई चालली होती. गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या बसल्या आणि डोक्यावरचं पारदर्शक झाकण फुटलं. त्याचे तुकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. घाईत तो त्या दिवशी गॉगल न घालताच उडाला होता. उजवा डोळा गेला. डाव्यात तुकडे राहिले, पण तो वाचला.

त्याच्यावर पुढे बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हॅरल्ड रिडली नावाचे लंडनचे नेत्रतज्ज्ञ होते. क्लीव्हर आणि त्याच्यासारखे इतर वैमानिक तपासताना त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. डोळ्यात कुसळ गेलं तरी आपला डोळा किती थयथयाट करतो! इथे तर अख्खे तुकडे आत, महिनोन् महिने, आणि डोळा शांत. कारण ते झाकण काचेचं नव्हतं, पर्स्पेक्स नावाच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकचं होतं. डोळ्याला ते परकं वाटतच नव्हतं. अपवाद एकच: तुकड्याची धारदार कड आतल्या हलत्या नाजूक भागाला टेकत असली, तर मात्र डोळा चिडायचा.

हा अपवाद लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, फक्त जगाला ती कळायला तीस-चाळीस वर्षं लागली.

पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन बघणाऱ्या एका विद्यार्थ्यानं रिडलींना विचारलं म्हणतात, की तुम्ही गढूळ भिंग काढता, मग त्या जागी नवीन का नाही घालत? रिडलींच्या डोक्यात तो विचार आधीपासून होताच. २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी एका ४५ वर्षांच्या बाईंच्या डोळ्यात पर्स्पेक्सचं भिंग घातलं. गाजावाजा अजिबात केला नाही. लोक काय म्हणतील याची त्यांना पुरेपूर कल्पना होती.

आता यातली गंमत बघा. भिंगाच्या वक्रतेचं गणित चुकलं. नैसर्गिक भिंगाचा आकार जवळजवळ तसाच घेतला, पण पर्स्पेक्स प्रकाशाला जास्त वाकवतं. परिणाम? ऑपरेशननंतर त्या बाईंना उणे वीसच्या आसपास नंबर लागला. म्हणजे जगातल्या पहिल्या भिंगरोपणानं एका माणसाला माझ्यापेक्षाही जास्त ऱ्हस्वदृष्टी दिली. आमच्या भाषेत, पहिलाच रिलीज आणि युनिट कन्व्हर्जनचा बग. पुढच्या भिंगांत तो दुरुस्त झाला.

पण दुसरा बग जास्त वाईट होता. काही डोळे ऑपरेशननंतर भयंकर सुजायचे, लाल व्हायचे, आत पांढरट साका जमायचा. जंतू म्हणावेत तर सापडायचे नाहीत. पर्स्पेक्स चालतं हे तर वैमानिकांनी सिद्ध केलं होतं. मग चिडचिड कशाची?

ती धुण्याची होती. पर्स्पेक्स उकळवून निर्जंतुक करता येत नाही, त्याचा आकार बिघडतो. म्हणून भिंगं सेट्रिमाइड नावाच्या जंतुनाशकात बुडवून ठेवत. ते रसायन भिंगाला चिकटून राहायचं आणि डोळ्यात गेल्यावर हळूहळू सुटायचं. १९५७ मध्ये फ्रेडरिक रिडली या दुसऱ्या डॉक्टरांनी (आडनाव तेच, नातं काही नाही) कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिंगं निर्जंतुक करायची पद्धत सुचवली. तोपर्यंत रिडलींची बदनामी पुरेशी झाली होती. भिंग निर्दोष, हात निर्दोष, आणि दोष बादलीतल्या पाण्यात.

* * *

इथे जरा थांबून डोळा चिडतो म्हणजे काय होतं ते सांगतो, कारण मला स्वतःलाच ते चार वर्षांपूर्वी, स्वतःच्या खर्चाने, कळलं.

डोळ्याचा पुढचा कप्पा म्हणजे स्वच्छ पाण्याची छोटी टाकी. त्या पाण्यात रक्तातल्या पेशी आणि प्रथिनं येऊ नयेत म्हणून रक्तवाहिन्या आणि ते पाणी यांच्यामध्ये एक पक्की चाळणी असते. शिवाय शरीराची रोगप्रतिकार फौज इथे मुद्दाम सौम्य वागते. पीटर मेडावर या शास्त्रज्ञानं १९४८ मध्ये सशांच्या डोळ्याच्या याच कप्प्यात परक्या सशाची त्वचा ठेवून बघितली होती. एरवी शरीर जे झटकन फेकून देतं, ते इथे टिकून राहू शकतं असं त्याला दिसलं. कारणही सरळ आहे. हात सुजला तर चार दिवसांनी उतरतो, पण डोळ्यातलं पाणी गढूळ झालं तर माणूस त्या वेळेपुरता आंधळाच. फौजेनं इथे गोळीबार करायचा नाही असा जणू आदेश असतो.

पण आदेशाला मर्यादा असते. पडद्याला सतत काही घासत राहिलं, कोनात काही रुतलं, कुठलं रसायन आत गेलं, की चाळणी फाटते. पांढऱ्या पेशी पाण्यात उतरतात. डॉक्टर स्लिट लॅम्पचा बारीक प्रकाशझोत टाकतात तेव्हा त्या दिसतात, खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपीत धूळ तरंगावी तशा. प्रथिनांमुळे तो झोतच धुक्यातल्या हेडलाइटसारखा उजळतो. पडदा चिकट होऊन भिंगाला चिकटतो, पाण्याचा निचरा तुंबतो, दाब वाढतो. दाब बराच काळ वाढलेला राहिला तर मागची दृष्टीची नस मरते, आणि ती परत येत नाही.

* * *

आता आमच्या, म्हणजे जाड मायनसवाल्यांच्या शाखेकडे वळू.

आमच्यावरचा पहिला उपाय अघोरी होता. १८९० च्या सुमारास ऑस्ट्रियन डॉक्टर फुकाला यांनी हिशोब केला, की उणे वीसच्या आसपास नंबर असलेल्याचं चांगलं भिंगच काढून टाकलं, तर नंबर जवळपास शून्यावर येतो. गणित अचूक! बऱ्याच लोकांचे चष्मे सुटले. पण लांबट झालेल्या डोळ्याचा मागचा पडदा आधीच ताणलेला असतो, ऑपरेशननंतर तो कित्येकांचा सुटला आणि माणसं आंधळी झाली. पद्धत मागे पडली.

मग १९५३ मध्ये इटलीच्या बेनेदेत्तो स्त्राम्पेल्ली यांनी रिडलींची कल्पना उचलली आणि उलटी केली: चांगलं भिंग राहू दे, पुढच्या कप्प्यात दुसरं घालू. बार्सिलोनाच्या होआकिन बाराकेर यांनी तेच केलं. भिंगाचे पाय टेकवले पारपटल आणि रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोनात. पहिले निकाल झकास. रुग्ण खूश, डॉक्टर खूश.

पण डोळा चार-सहा वर्षांनी हिशोब मागतो. पाय रुतले. पडदा घासला गेला. सूज, दाब, पारपटलाच्या आतल्या पेशी मरून ते पांढरं पडणं. भिंगांचे नायलॉनचे पाय तर डोळ्यात हळूहळू झिजून विरघळायला लागले. बाराकेर यांनी २३९ भिंगं बसवली होती, त्यातली निम्म्याहून जास्त पुन्हा काढावी लागली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो यासाठी, की आपले असे आकडे त्यांनी स्वतः जगासमोर ठेवले. आपल्यातले किती जण असा पोस्टमॉर्टेम स्वतःच्या प्रोजेक्टचा लिहितात?

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या एलिंगसन नावाच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूनंतर पुढच्या कप्प्यात बसवलेल्या एका भिंगामुळे होणाऱ्या त्रासाला नाव दिलं. सूज, वाढलेला दाब आणि कप्प्यात रक्त, या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'यूजीएच'. डॉक्टरलोक त्याचा उच्चार 'अग्' असा करतात, जो अगदी समर्पक आहे. कारण काय निघालं? वाकडे झालेले पाय आणि पडद्यावर होणारी घासाघीस. म्हणजे वैमानिकांच्या डोळ्यांनी १९४० मध्ये सांगितलेलं तेच: कड टेकली की डोळा चिडतो.

मग सगळ्यांचा शोध एकच, घासणार नाही अशी जागा कुठली? हॉलंडच्या यान वोर्स्ट यांनी खेकड्याच्या नांगीसारखे चिमटे असलेलं भिंग काढलं, जे पडद्याच्या सगळ्यात कमी हलणाऱ्या भागाला चिमटीत धरतं. (घिवलीच्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही!) भारतात अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ही नांगीवाली भिंगं मोतीबिंदूच्या रुग्णांत मोठ्या प्रमाणावर वापरली. आपल्याकडे भिंगरोपणाची सुरुवात करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतात. १९८६ मध्ये वोर्स्ट आणि जर्मनीचे फेशनर यांनी तेच तंत्र जाड मायनसवाल्यांसाठी वापरलं. त्याच सुमारास मॉस्कोत फ्योदोरोव यांनी भिंग पडद्याच्या मागे, मूळ भिंगाच्या पुढे ठेवून पाहिलं. त्यांच्या पहिल्या सिलिकॉनच्या भिंगांनी सूज आणली, मोतीबिंदूही आणला. पण जागा बरोबर होती. १९९३ पासून कोलॅजन मिसळलेल्या मऊ पदार्थाची भिंगं त्या जागी बसायला लागली. २००५ च्या अखेरीस अमेरिकेनं त्यांना परवानगी दिली. २०११ पासून त्यांच्या मधोमध ०.३६ मिलिमीटरचं भोक आलं, जेणेकरून डोळ्यातलं पाणी अडू नये. त्याआधी पाण्याच्या वाटेसाठी पडद्यालाच लेसरनं भोक पाडावं लागायचं.

माझ्या डोळ्यात आहे ते या खानदानातलं. स्त्राम्पेल्लींपासून मोजलं तर सत्तर वर्षांत किती डोळ्यांनी त्याची किंमत दिली, हे ऑपरेशन करून घेण्याआधी मला माहीत नव्हतं. माहितीपत्रकात समुद्रकिनाऱ्यावर हसणारी जोडी होती.

* * *

आमच्या घरात डोळ्यात भिंग जाणारा मी पहिला नाही. पहिली माझी आजी, मामाची आई.

तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन १९८६ च्या सुमारास पालघरला एका शिबिरात झालं. तेव्हा शिबिरात भिंग बसवत नसत. गढूळ भिंग आख्खं काढायचं आणि अधिक दहाच्या आसपासचा चष्मा द्यायचा. सोडावॉटरच्या बाटलीचा बूड कापून लावावा तशा काचा. त्यातून सगळं पाव पट मोठं दिसायचं, आणि कडेचं दिसायचंच नाही. आजी चहाचा कप धरायला जायची आणि हात कपाच्या अलीकडेच मिटायचा. आम्ही पोरं हसायचो. काचेमागे तिचे डोळे एवढाले दिसायचे, त्यालाही हसायचो. बोंबील वाळत घालताना चष्मा घामानं घसरायचा आणि तिच्यापुरता समुद्रकिनारा नाहीसा व्हायचा.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन २००१ मध्ये झालं, भिंग बसवून. या पंधरा वर्षांत काय बदललं होतं? मदुराईला १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू झाली आणि शंभर डॉलरच्या वर किंमत असलेलं आयात भिंग भारतात दहा डॉलरच्या आसपास बनायला लागलं. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला, आणि शिबिरातली घाऊक ऑपरेशनं हळूहळू भिंगासहित, रुग्णालयात व्हायला लागली. पट्टी काढल्यावर आजी अंगणात आली आणि लांबवर अणुवीज केंद्राकडे बघत म्हणाली, "अगोबाई, तिथे एवढं बांधलंय होय!" पहिलं वीजकेंद्र १९६९ पासून तिथे उभं आहे. त्या कोपऱ्यात नुसतं आभाळ आहे असं ती बरीच वर्षं धरून चालली होती.

त्यामुळे घिवलीच्या घरात 'डोळ्यात भिंग' म्हणजे चमत्कार, विषय संपला. मामेबहिणीनं माझ्याकडे त्रासाबद्दल विचारलं तेही जाता जाता, उत्तर माहीत असल्यासारखं.

* * *

आता माझी गोष्ट.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंख्याची पाती वेगवेगळी दिसली आणि मी रडलो, हे कबूल करतो. थेंबांचं वेळापत्रक दिलं होतं: स्टिरॉइडचा थेंब आधी दिवसातून सहा वेळा, मग चार, तीन, दोन, असं करत सहा आठवड्यांत बंद. हे का, ते त्यांनी सांगितलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणे आणि ऐकणे यातला फरक प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजरला माहीत असतो.

तिसऱ्या आठवड्यात होळीला घिवलीला गेलो. बाटली पुण्यात फ्रिजमध्ये राहिली. बोईसरला उतरल्यावर आठवलं. स्टेशनबाहेर औषधाची दुकानं होती. पण डोळा मस्त दिसत होता, कुठे लाली नाही, दुखणं नाही. म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय.

चौथ्या दिवशी पहाटे उजव्या डोळ्यात खोल ठणका. उजेड सहन होईना. आरशात बुब्बुळाभोवती लाल कडं. मामा म्हणाला खारा वारा लागला असेल, मामी गुलाबपाणी घेऊन आली. दुपारपर्यंत त्या डोळ्यासमोर वाफ धरल्यासारखं झालं आणि मग मात्र मी घाबरलो. बोईसरच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पमधून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "थेंब कधी बंद केले?" दाब मोजला, २८ निघाला. साधारण दहा ते एकवीस हवा.

झालं होतं असं. ऑपरेशननंतर डोळ्याची चाळणी थोडी फाटलेलीच असते, स्टिरॉइड त्या फौजेला दाबून धरतं, तोवर चाळणी सांधते. मी दाब एकदम काढला आणि फौज दुप्पट जोरानं आत आली. मग दर तासाला स्टिरॉइड, बाहुली मोठी करायचा थेंब (पडदा भिंगाला चिकटू नये म्हणून), दाब उतरवायचा थेंब. पुढे सूज ओसरली तरी दाब चढाच राहिला, कारण काही लोकांचा डोळ्यातला दाब स्टिरॉइडमुळेच वाढतो आणि मी त्यातला निघालो. औषध बंद करावं तर सूज, चालू ठेवावं तर दाब. मिलिग्रॅमचा हिशोब करत तीन महिने काढले. भिंग काढून टाकावं लागेल का, हा शब्द दोनदा निघाला. आज भिंगावर तपकिरी रंगाचे काही ठिपके आहेत, दृष्टी चांगली आहे, आणि दर सहा महिन्यांनी दाब मोजायला जातो.

म्हणजे भिंगाचा दोष नाही, डॉक्टरांचा नाही. माझ्या केसमध्ये दोष फ्रिजमध्ये होता.

* * *

पण म्हणून सगळं रुग्णाच्या माथी मारणंही बरोबर नाही.

सेट्रिमाइडची गोष्ट संपलेली नाही. १९९२ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी एका त्रासाला 'टास' असं नाव दिलं: ऑपरेशननंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत पुढचा कप्पा एकदम पेटतो, पारपटल कडेपासून कडेपर्यंत धुरकट होतं, आणि जंतू सापडत नाहीत. कारणं असतात उपकरणांवर राहिलेला साबण, नीट न धुतलेली नळी, मेलेल्या जंतूंचं विष, चुकीच्या आम्लतेचं द्रावण. २००६ मध्ये उत्तर अमेरिकेत याची अशी लाट आली की सगळ्यांना आपापल्या धुलाईखोल्या तपासाव्या लागल्या. जंतुसंसर्ग वेगळा. तो बहुधा दोन-चार दिवसांनी दिसतो, जास्त दुखतो आणि जास्त विध्वंस करतो. जानेवारी २०१९ मध्ये जोगेश्वरीच्या महापालिकेच्या ट्रॉमा हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांची दृष्टी त्यानं गेली.

बाटलीतल्या द्रवावर विश्वास ठेवणं किती महागात पडू शकतं, हे मुंबईनं १९८६ मध्ये पाहिलंय. जे. जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. हे ग्लिसरीन मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवायला देतात. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं औषध खरेदी आणि तपासणीची लक्तरं टांगली. उपचार बरोबर होता, पण बाटलीत काय आहे हे कुणी तपासलं नव्हतं.

मामेबहीण क्वालिटी कंट्रोलला आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं. बॅच नंबर म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

* * *

रिडलींचं पुढे काय झालं? त्या काळचे नेत्रवैद्यकातले सर्वात मोठे इंग्रज तज्ज्ञ ड्यूक-एल्डर यांनी १९५१ मध्ये त्यांचे रुग्ण बघायलाही नकार दिला. रिडली वर्षानुवर्षं टीका सोसत राहिले. मग जग बदललं. १९८७ मध्ये त्या क्लीव्हर वैमानिकाच्या उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, आणि त्यातही भिंग बसवलं गेलं, ज्या कल्पनेची सुरुवात त्याच डोळ्यानं करून दिली होती. रिडलींनी स्वतःही म्हातारपणी दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवून घेतली. २००० साली त्यांना 'सर' किताब मिळाला, २००१ मध्ये ते गेले. माझ्या आजीचा दुसरा डोळा त्याच वर्षीचा.

* * *

काल रात्री मी मामेबहिणीला परत फोन केला आणि सगळं सांगितलं. होळीचंही. ती जरा वेळ गप्प होती.

"म्हणजे तेव्हा डोळे आले नव्हते तुझे?"

"नाही."

"आणि आम्ही सगळे तुझं बघून ठरवतोय."

यावर मला उत्तर नव्हतं.

मग कामाचं बोललो. पारपटलाच्या आतल्या पेशी मोजून घे आणि आकडा लिहून ठेव, दरवर्षी तुलना करायला. पुढच्या कप्प्याची खोली पुरेशी आहे का ते विचार. भिंग कुठल्या मापाचं आणि ते माप कसं ठरवलं ते विचार, कारण मोठं झालं तर पडद्याला घासतं, लहान झालं तर मूळ भिंगाला टेकून मोतीबिंदू आणतं. आधी कधी डोळे सुजले होते का, सांधे दुखतात का, घरात काचबिंदू आहे का, हे त्यांनी नाही विचारलं तरी तू सांग. दोन्ही डोळे एकाच दिवशी नको. आणि हे लक्षात ठेव, की भिंग नंबर घालवतं, ऱ्हस्वदृष्टी घालवत नाही. डोळा लांबट तो लांबटच राहतो, त्यामुळे मागचा पडदा दरवर्षी तपासायचाच. डोळ्यासमोर वीज चमकली किंवा काळे ठिपके वाढले तर सोमवारची वाट बघायची नाही. जमेची बाजू म्हणजे हे भिंग परत काढता येतं. लॅसिकला रोलबॅक नाही, याला आहे.

"मग करू की नको?"

मी म्हटलं, माझं विचारशील तर मी आजही करीन. चष्मा काढल्यावर भिंत चाचपत बाथरूमला जायचं आयुष्य मी विसरलेलो नाही. पण हे दहा मिनिटांचं काम नाही, सहा आठवड्यांचं आहे, आणि नंतर जन्मभराचं थोडं थोडं.

ती म्हणाली, आधी तपासण्या करते, आकडे पाठवते, मग ठरवू. करायचं ठरलं तर होळीच्या आधी नको.

थेंबांचं वेळापत्रक मी तिला एक्सेलमध्ये करून देणार आहे, अलार्मसकट. आणि एक जास्तीची बाटली घिवलीला मामीच्या फ्रिजमध्ये.